एकसष्ट मीटर चाळीस

— नाही मारोतराव, नेऊ नका असं मी कुठं म्हणून राहिलो? शिवायची मशीन तुमच्या बहिणीचीच आहे. तुमच्याच मायनं देल्ली लग्नात. तुम्ही तेव्हा हाफपँटीत होते, तिच्यावर बसून घोडा घोडा खेळले अन् बोटात सुई घुसली म्हणून भर मांडवात रडले — आठवते का? नाही आठवत? बरं, नसन आठवत. मी फक्त म्हटलं, चहा घ्या. टेम्पोवाला पाच मिनिटं उभा राहिला तर काही बिघडत नाही. काटोलाहून साळा आला अन् भाटव्याच्या घरून चहा न घेता गेला तर गल्लीतले लोक काय म्हणतील? — आता गल्ली तशीही म्हणूनच राहिली, तो भाग वेगळा. बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलते. इकडं बसा, मशीनकडं पाठ करून, म्हणजे दोघाइलेही बरं वाटन.

एक विचारू का? फक्त मशीनच आण म्हणाली? साड्या नाही? कपाटात पंचवीस-तीस साड्या पडल्या आहेत, त्याइचं नाव नाही काढलं? — नाही काढलं. मंग कठीण आहे. साड्या मागवल्या असत्या तर मी समजलो असतो, बाई रागात आहे. मशीन मागवली म्हणजे बाई तिकडं काम धरून राहिली. राग उतरते हो, आज नाही तर पोळ्याले उतरते, पण एकदा का काटोलच्या बायाइचे ब्लाउज हातात घेतले की ती काही परत येत नाही. मी चौतीस वर्षं मोजणीदार होतो, मले हद्द कुठं कायम होते ते समजते. म्हणून तर चहा ठेवला. साखर किती? दोन? मी अंदाजानंच टाकतो, घरात साखरेचा डबा कोणता हे मले मागच्या महिन्यात माहीत पडलं.

तुम्ही त्या टायमाले संत्र्याच्या तोडीत अडकले होते, म्हणून तुम्हाले अर्धं माहीत आहे, अन् ते अर्धं तुमच्या बहिणीकडचं. आता माहं ऐका. मी काही स्वतःची बाजू घेणार नाही — घेण्यासारखी नाहीच ती. पण सुरुवातीपासून सांगतो. हे जे इलेक्शनचं झालं ना, तारा उभी राहिली, हे माह्या डोक्यातून नव्हतं. लोकाइले वाटते, मोजणीदारानं रिटायर झाल्यावर बायकोले पुढं केलं. मीही दोन-तीन लोकाइले तसंच सांगितलं, खोटं कायले बोलू. खरं असं की नळाले दोन महिने पाणी नव्हतं, तेव्हा वीस-बावीस बाया घेऊन ती झोन ऑफिसात जाऊन बसली, बसली म्हणजे शिवायचं काम घेऊन बसली, तिथंच हुक लावत. तिसऱ्या दिवशी पाणी आलं. मी त्याच ऑफिसात त्याच पाण्यासाठी सात अर्ज देल्ले होते, सगळे नियमानुसार, पोच घेऊन. पोचपावत्या अजून आहेत माह्याजवळ, दाखवू? — बरं, राहू द्या.

मंग बायाच म्हणाल्या, ताराबाई तुम्ही उभ्या राहा, आपल्या वॉर्डात बाईची सीट आहे. मी म्हटलं, हाव, राहा उभी. मनात काय होतं सांगू? मनात होतं, नाव हिचं, कारभार माहा. दुनियेत असंच चालते. मीटिंगले मीच जाईन, सही तेवढी ती करन. अहो, मी जाकीट शिवून ठेवलं होतं! बिनबाह्यांचं, बदामी रंगाचं, नगरसेवकाइचं असते तसं. शिवलं कोणं? तिनंच. माप घेताना म्हणाली, छाती जरा फुगवून उभे राहून राहिले तुम्ही, नीट उभे राहा, नाही तर मंग ढिलं होईन. झालंच ढिलं. एकदाही घातलं नाही अजून.

अन् प्रचारात काय व्हावं? बाया दारात आल्या की मले ओलांडून आत. मी ओट्यावर खुर्ची टाकून बसलेलो, हातात वॉर्डाचा नकाशा, मीच काढलेला, स्केलवर — अन् लोक विचारत, ताराबाई आहेत का? एक जण तर म्हणे, काका जरा सरका. चौतीस वर्षं मारोतराव, मी गावात गेलो की सरपंच खुर्ची पुसून देत होता. दोन भावाइच्या मधात मी साखळी टाकली की दोन्ही भाऊ श्वास धरून उभे. मोजणीदार जेवायला बसला की दोघंही वाढतात अन् उठून गेला की दोघंही शिव्या देतात, पण तोंडावर साहेबच म्हणतात. अन् इथं — काका, सरका.

चिन्ह तिनं शिलाई मशीन मागितलं अन् तेच भेटलं. आता पाहा तिची अक्कल. प्रचार संपला त्या सांजेले मले म्हणाली, "मतदानाच्या दिवशी मी कोणालेच काही म्हणत नाही. रोजच्यासारखी ओट्यावर बसून ब्लाउज शिवतो. आपल्या घरी बाईनं शिवू नये असा काही कायदा आहे का?" मी म्हटलं, वा! खरंच म्हटलं हो. शाळा समोर, बूथ शाळेत, सगळी गल्ली आपल्या ओट्यावरून जाणार, अन् ओट्यावर तारा मशीन चालवत. ना पत्रक, ना घोषणा, ना झेंडा. दहा वर्षं तिले तिथं तसंच पाहून राहिले लोक. चौतीस वर्षांच्या नोकरीत माह्या डोक्यात असली एकही गोष्ट नाही आली. पण एक चुकलं त्या सांजेले. तिले 'जिंकशील' म्हणायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे, म्हणणार होतो, पण प्रचाराची मुदत साडेपाचले संपली होती अन् घड्याळात सहा वाजले होते. हसून राहिले ना? हसा. मीही हसतो आता. घरातल्या घरात, स्वतःच्या बायकोले, आचारसंहिता.

मतदानाच्या दिवशी मी साडेसहाले टेप घेऊन निघालो. मले कोणी बोलावलं नव्हतं. नियम असा, की मतदान केंद्रापासून शंभर मीटरच्या आत कोणताही प्रचार नाही, टेबल नाही, चिन्ह नाही. महापालिकेच्या माणसाइनं चुन्यानं रेघ मारली होती. मी पाहिलं अन् माहं डोकंच फिरलं. पावलानं मोजलेली! एक माणूस चालला असन, शंभर पावलं, नालीजवळ वळला असन, झालं. अन् विक्रमचं टेबल, विक्रम म्हणजे ते समोरच्या पार्टीवाले, त्याइच्या घरातली बाई उभी होती ना तारेच्या विरोधात — त्याइचं टेबल त्या रेघेले चिकटून. म्हटलं मोजतो. तीस मीटरचा टेप, एक टोक बंदोबस्तावरच्या संघपाल शिपायाच्या हातात देल्लं, चांगला माणूस तो, पण टेप ढिला धरत होता, दोनदा ओरडावं लागलं त्याले. चौऱ्याण्णव मीटर! तेवढ्यात जीपमधून त्या मॅडम उतरल्या, झोनच्या अधिकारी, तीस-बत्तीसच्या असतील. मी म्हटलं, मॅडम, सहा मीटर कमी आहे. त्याइनं तिथंच टेबल मागं सरकवायला लावलं. विक्रमच्या पोट्ट्याइचे चेहरे पाहण्यासारखे होते.

आता माही हुशारी ऐका. टेबल आधी कुठं होतं? पाण्याच्या टाकीच्या सावलीत. थंडीचे दिवस, सकाळचे सात, दात वाजून राहिले होते. सहा मीटर मागं म्हणजे कुठं? उन्हात. चहाच्या ठेल्याच्या बाजूले. अर्ध्या तासात सगळा वॉर्ड तिथं ऊन खात उभा! चहा घ्यायचा, ऊन घ्यायचं, अन् विक्रमच्या पोट्ट्याइकडून चिठ्ठी घ्यायची. माही मोजणी नसती तर सावलीत कोणी कुत्रं नसतं गेलं. आ बैल मुझे मार म्हणतात ते हेच. इथपर्यंत मी सगळ्या गल्लीले हसून सांगतो, माहीच गंमत म्हणून.

पुढचं मात्र तसं नाही. पुढं ते मशीनचं झालं. ते तर तुम्हाले माहीतच आहे, विक्रमनं तक्रार केली म्हणून. ओट्यावर चिन्ह उघडं ठेवलं, शंभर मीटरच्या आत उमेदवार स्वतः चिन्ह चालवून राहिली — तक्रार झाली, मॅडम म्हणाल्या मोजा, मी मोजलं. केंद्राच्या दारापासून आपल्या ओट्याच्या पायरीपर्यंत दोन टेप अन् वर एक मीटर चाळीस. एकसष्ट मीटर चाळीस. मी काय खोटं सांगू? मी मोजणीदार. पंचनाम्यावर पंच म्हणून सही केली. मॅडम तारेले म्हणाल्या, मशीन आत न्या अन् तुम्हीही इथं बसू नका. तारेच्या सुईखाली कोणाची तरी बाही अर्धी होती. तिनं सुईजवळची दाबपट्टी उचलली, धागा दातानं तोडला, अन् मले म्हणाली, धरा त्या बाजूनं. आम्ही दोघांनी मशीन उचलून आत ठेवली. बस. एवढंच बोलली.

मंग काय झालं? बाया आल्या, ओटा रिकामा. ताराबाई कुठं गेल्या? दार लोटलेलं. ती दुसऱ्या केंद्राइवर फिरायला निघून गेली होती, उमेदवाराले फिरता येते. पण दहा वाजता कोणीतरी म्हटलं, ताराबाईनं माघार घेतली. अकराले सगळ्या गल्लीत तेच. मी ओट्यावर उभा राहून सांगून राहिलो, अहो नाही घेतली! तर संघपाल आला, म्हणे काका, तुम्ही शंभर मीटरच्या आत आहात, प्रचार करता येत नाही. स्वतःच्या ओट्यावर, स्वतःच्या बायकोबद्दल! अन् नियम त्याचा बरोबर. एकशे सदतीस मतांनी पडली. त्या एकशे सदतीसमधले किती आपल्या ओट्याचे, हे कोणी मोजू शकत नाही, मीही नाही. रात्र रात्र मनात मोजतो, हिशेब जुळत नाही.

साखर बरोबर आहे ना? — मंग पिऊन का नाही राहिले? काय? नाही, विक्रम स्वतः तिथं नव्हता. तो कुठला सकाळी उठते, तो नऊ वाजता अंघोळ करून गाडीत बसते. नाही नाही, त्याचे पोट्टे तर टेबल सरकवण्यात गुंतले होते, त्याइले तर आपला ओटा दिसतही नाही तिथून, टाकी मधात येते… मंग तक्रार कोणं केली म्हणजे? कोणं म्हणजे — बिस्किट देऊ का? खारी आहे डब्यात. — मारोतराव, तुम्ही काटोलच्या मंडईत कसे टिकले ते आज समजलं. इतके गप राहता अन् एकच प्रश्न विचारता.

बरं. सांगतो. विक्रमनं तक्रार केली हे मी कोणालेच सांगितलं नाही, आधी. ते तारानं सांगितलं गल्लीत. संध्याकाळी बाया जमल्या, तिनंच म्हटलं, विक्रमच्या पोट्ट्याइनं घात केला. मी बाजूले उभा होतो. मी मान हलवली. हलवली अन् हलवतच राहिलो, आजपर्यंत. कारण खरं काय होतं — टेबल सरकलं अन् आम्ही शाळेच्या गेटापाशी परत आलो तेव्हा मॅडम खूश होत्या. म्हणाल्या, काका, अशी माणसं पाहिजेत, तुम्ही कोण? अन् मी तोंड उघडायच्या आत संघपाल म्हणाला, हे ताराबाईचे मिस्टर. मॅडमचा चेहरा बदलला. काही वाईट नाही बोलल्या त्या, फक्त म्हणाल्या, अच्छा, म्हणून. बस, 'म्हणून'. म्हणजे बायकोसाठी मोजून राहिले. इमानदारी नाही, घरचं काम. मारोतराव, मी चौतीस वर्षं कोणाची कोंबडी नाही खाल्ली. सख्ख्या काकाचा बांध मी तीन हात आत घेतला होता, काकू मेली तरी बोलली नाही माह्याशी. अन् ही पोरगी म्हणते, अच्छा, म्हणून. माह्या अंगाची आग झाली. मी म्हटलं, "मॅडम, नियम सगळ्याइले सारखा. त्या ओट्यावर पाहा, आमच्याच घरी चिन्ह उघडं आहे, तेही मोजू." अन् हे असं बोट केलं. स्वतःच्या घराकडं. त्याइनं विचारलंही नव्हतं. त्याइले तर ती बाई शिवून राहिली एवढंच दिसत होतं.

अन् सगळ्यात वाईट सांगू का आता? मोजताना मले बरं वाटत होतं. दोन टेप अन् वर एक चाळीस — किती खणखणीत आवाजात वाचलं मी! मॅडम म्हणाल्या, असे नागरिक पाहिजेत. दहा वाजेपर्यंत मी त्याच तोऱ्यात फिरत होतो. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, पण दांड्याले बिचाऱ्याले समजत तरी नाही. मले समजत होतं. ती बसली असती तिथं दिवसभर, निवडून आली असती, अन् लोक म्हटले असते, एका बाईनं न बोलता इलेक्शन जिंकलं. अन् मी? मी काका, जरा सरका. हे मले सहन नाही झालं. नियमाचं काय, नियम मले फक्त हाताशी सापडला.

झालं. हे मी माह्या तोंडानं पहिल्यांदा बोललो, अन् तेही तुमच्यासमोर. आता एक करा. मशीन न्या, साड्या न्या, पण हे तारेले सांगू नका. आता तिले वाटते, नवऱ्यानं फक्त सही केली, मॅडमनं लावलं म्हणून केली. पडल्याचं दुःख आहे, ते जाईन. पण हे समजलं तर ती या पायरीवर पाय नाही ठेवणार. मायले पाहून येतो म्हणून गेली होती, आठ दिवसांत येतो म्हणाली होती. आज सव्वा महिना झाला. मी एकटा… नाही, ते जाऊ द्या. सांगसान का तिले? सांगा मले, सांगसान का?

काय? … माहीत आहे? काय माहीत आहे? — कधीपासून? — त्याच दिवशीपासून? … ओट्यावरून. हाव. ओट्यावरून तर शाळेचं गेट सरळ दिसते. माहं बोट दिसलं असन तिले. दिसलंच असन, मी काही लपून नव्हतं केलं. मंग तिनं बायाइले काहून सांगितलं, विक्रमनं केलं म्हणून? … माह्यासाठी? — लोक मले… हाव. लोकाइनं मले गल्लीत उभं नसतं राहू देल्लं. बरोबर आहे तिचं. अन् मी तिथं मान हलवून राहिलो होतो. तिच्या बाजूले उभा राहून. ती पाहत असन ना तेव्हा माह्याकडं.

अन् मंग गेली काहून? माहीत होतं तर त्याच दिवशी भांडायचं होतं. … वाट पाहत होती? कशाची वाट? …

हाव.

हाव, समजलं.

फोन आहे का तुमच्याजवळ? माह्या नंबरवरून ती उचलत नाही. लावा तुमच्यावरून, स्पीकरवर नका टाकू, इकडं द्या. — हॅलो. तारा, मी. … हाव, पोहोचले मारोतराव. … हाव, चहा देल्ला. … मशीन अजून घरातच आहे, नेतीन ते. तारा, ते त्या दिवशीचं. विक्रमनं नव्हतं सांगितलं. मीच सांगितलं. मॅडमनं विचारलंही नव्हतं. मीच बोट दाखवलं. … … तारा?

मारोतराव, हा कटला का पाहा बरं. — नाही कटला? चालू आहे?

बरं. मंग मीही गप बसतो.